कृतिशिक्षणात चुकीचे स्थान : मातीविना शेती आणि वटवाघळांचे नमुनासंकलन

‘केल्याशिवाय कळत नाही’ हे वचन खेड्यातील कोणत्याही जाणत्या कारागिराच्या तोंडी ऐकू येते. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतही तेच वेगळ्या शब्दांत सापडते. परंतु करून पाहणे याचा अर्थ चुकण्याची मोकळीक घेणे असा होतो, हा त्या वचनाचा उत्तरार्ध बहुधा अनुक्त राहतो. जेथे चूक स्वस्त असते तेथे ही मोकळीक हाच उत्तम गुरू ठरतो. जेथे चूक महाग असते तेथे तीच मोकळीक घातक होते. ग्रामीण भागात आज जी नवी कौशल्ये पोचविण्याचा विचार चालू आहे, त्यांत या दोन्ही जातींची कामे एकमेकांशेजारी येतात. मातीविना शेती आणि वटवाघळांच्या नमुन्यांचे सुरक्षित संकलन ही त्यांची दोन ठळक उदाहरणे होत. दोहोंनाही ‘प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण’ हे एकच नाव दिले जाते. या एका नावाखाली दोन भिन्न शिक्षणपद्धती कशा दडल्या आहेत आणि सूचनांच्या भाषेत तो भेद कसा उमटला पाहिजे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाला एका ठिकाणाचा आधार असावा म्हणून भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे.

१. मागावरील दोन चुका

आंधळगाव हे मोहाडी तालुक्यातील गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश धानाचा आणि तलावांचा आहे. आणि मोहाडी–आंधळगाव ही नावे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, हातमागावरील विणकामाशी जोडलेली आहेत. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पाल्यावर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून हा धागा निघतो. तेव्हा येथे नव्या कौशल्याचे शिक्षण कोऱ्या पाटीवर होत नाही. हाताला वळण कसे लावावे याची एक जुनी रीत तेथे मागावर आधीपासूनच नांदत आहे.

मागावर धाग्यांचे दोन वर्ग असतात : उभा तो ताणा, आडवा तो बाणा. धोटा एखादे वेळी चुकीचा गेला, बाण्याची एक ओळ सैल पडली, तर विणकर मागे येऊन ती ओळ उसवतो आणि पुन्हा घालतो. नुकसान होते ते काही क्षणांचे. पण ताण्यातील धागा फणीच्या चुकीच्या घरातून ओवला गेला आणि तसेच विणकाम पुढे गेले, तर तो दोष कापडाच्या पहिल्या वितीपासून शेवटच्या वितीपर्यंत रेघेसारखा उमटत जातो. बाण्यातील चूक उसवता येते, ताण्यातील चूक कापडाबरोबर वाढते. म्हणून शिकाऊ हाताला प्रथम कांड्या भरण्याचे काम मिळणे आणि ताण्याची जुळणी जाणत्या हाताकडे राहणे हा क्रम स्वाभाविक ठरतो. चुकीची किंमत पाहून काम वाटण्याचे हे शहाणपण आहे. पुढील विवेचनात ‘बाण्याची चूक’ आणि ‘ताण्याची चूक’ या संज्ञा याच अर्थाने योजल्या आहेत.

२. कृतिशिक्षणाची वैदर्भीय परंपरा आणि तिची मर्यादा

हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना विदर्भाला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ती मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले आणि ‘नई तालीम’ या नावाने ती सेवाग्रामच्या परिसरात आचरली गेली. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. खऱ्या लोकांच्या खऱ्या गरजा भागविताना शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र होते. शेती, पशुपालन, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य ही कामे शाळेच्या दिवसाचा भाग व्हावीत, असा त्यामागील आग्रह होता.

या परंपरेतील बहुतेक कामे, म्हणजे सूत काढणे, सुतारकाम, भाजीपाला लावणे, वेल्डिंग, ही पाहून शिकता येतात आणि चुकून सुधारता येतात. वेल्डिंगसारख्या कामात इजेचा धोका असतो खरा, परंतु तो डोळ्यांना दिसतो. ठिणगी उडते, चटका बसतो, हात आपोआप मागे येतो. तात्पर्य, चूक शिकवू शकते ती तीन अटी पुऱ्या झाल्या तरच. पहिली अट, ती दिसली पाहिजे. दुसरी, ती कारणाचा विसर पडण्याआधी दिसली पाहिजे. तिसरी, ती सुधारता आली पाहिजे. या तीन कसोट्या लावल्या म्हणजे कोणते काम ‘करून पाहा’ म्हणून शिकवावे आणि कोणते तसे शिकवू नये, हे बऱ्याच अंशी ठरते.

३. मातीविना शेती : चूक हाच गुरू

झाड मातीवाचून वाढू शकते, हे ज्ञान जुने आहे. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी १६९९ साली पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिली. जर्मनीत साक्स यांनी १८६० साली आणि क्नोप यांनी १८६५ साली क्षारांच्या द्रावणात वनस्पती वाढविण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक गेरिक यांनी १९३७ साली या पद्धतीसाठी ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव प्रचारात आणले. ग्रीक भाषेतील ‘पाणी’ आणि ‘श्रम’ या दोन शब्दांपासून ते बनले आहे. आणि त्यातील ‘श्रम’ हा अंश विसरण्यासारखा नाही. भारतात जे. शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये या विषयावर काम केले आणि १९५१ साली ‘बंगाल पद्धती’ या नावाने ते ग्रंथरूपाने मांडले. खडी व वाळू यांसारखे साधे माध्यम, कोरडे मोजून टाकलेले क्षार आणि हाताने घातलेले पाणी एवढ्यावर भागणारी, यंत्रांवर अवलंबून नसलेली पद्धती खेड्याला उपयोगी पडेल, हा त्यांचा विचार होता.

माती काढून घेतली म्हणजे नेमके काय जाते? माती झाडाला आधार देते, पाणी धरून ठेवते, मुळांना हवा पुरविते, आम्लतेतील चढउतार सौम्य करते आणि तिच्यातील जिवाणू खताचे रूपांतर करतात. ही पाचही कामे ती मुकाट्याने करीत असते. म्हणून शेतकऱ्याच्या भाषेत त्यांना स्वतंत्र नावे क्वचितच असतात. ‘जमीन चांगली आहे’ या एका वाक्यात ती सर्व सामावतात. माती गेली की तिचे प्रत्येक मुके काम माणसाच्या अंगावर येते, आणि जे काम अंगावर येते त्याला नाव द्यावेच लागते. गेरिक यांच्या शब्दातील ‘श्रम’ तो हाच.

युरियाचे उदाहरण बोधप्रद आहे. शेतकऱ्याच्या अनुभवात युरिया म्हणजे हिरवेपणा. शेतात ते खरेही आहे, कारण मातीतील जिवाणू युरियाचे अमोनियात आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. स्वच्छ पाण्याच्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. तेथे युरिया बहुतांशी युरियाच राहतो, आणि पाण्यात नत्र असूनही रोप उपाशी राहते. जुना अनुभव नव्या ठिकाणी का फसला, हे शिकणाऱ्याने दोन भांडी शेजारी ठेवून स्वतः पाहिले, तर मातीतील अदृश्य कारभाराची ओळख त्याला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक पक्की होते.

धानाच्या प्रदेशात आणखी एक स्वाभाविक चूक संभवते. धान पाण्यात उभे राहते, हे आंधळगावच्या परिसरात लहान मुलालाही ठाऊक असते. त्यावरून ‘मुळे पाण्यात बुडाली तरी चालते’ हे अनुमान सहज निघते. परंतु धानाच्या देहात हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून पानांकडील प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो. टोमॅटोच्या अंगी ही सोय त्या प्रमाणात नसते; साचलेल्या, हवा न मिसळलेल्या पाण्यात त्याची मुळे तपकिरी होऊन कुजतात. एका भांड्यात पाणी स्थिर ठेवावे, दुसऱ्यात हवेचे बुडबुडे सोडावेत आणि काही दिवसांनी दोन्ही मुळे हातात घेऊन पाहावीत. येथे चूक दिसते, वेळेवर दिसते आणि एका रोपाच्या मोलाने सुधारते; तिन्ही अटी पुऱ्या होतात.

पानांची भाषाही अशीच शिकता येते. नत्र कमी पडले तर खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना देते. लोह कमी पडले तर वरची, कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात, कारण लोह असे हलविता येत नाही. ‘पान पिवळे पडले’ एवढ्यावर न थांबता ‘कोणते पान?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागणे, हे या शिक्षणाचे खरे फळ होय.

आंधळगावसारख्या गावी आरंभ कोठून करावा, याचे उत्तर धानातच मिळते. फिलिपाईन्समध्ये ‘डापोग’ नावाची रोपवाटिकेची रीत आहे. मोड आलेले बी केळीच्या पानांवर किंवा प्लास्टिकच्या कापडावर दाट पसरतात. खाली माती नसते. पहिले काही दिवस पाणी शिंपडून बी तळहाताने किंवा फळीने दिवसातून दोनदा हलके दाबतात, म्हणजे वरचे बी सुकत नाही. मुळे एकमेकांत गुंतून गादी तयार होते आणि ९ ते १४ दिवसांत ती गुंडाळून शेतात नेता येते. रोप या काळात मुख्यतः बियातील साठ्यावर जगते, म्हणून खताची गरज अल्प असते. नेहमीच्या पऱ्ह्यांना साधारणतः तीन आठवडे लागतात. मात्र डापोगची रोपे आखूड व नाजूक असतात. बांधी सपाट नसेल किंवा पाणी खोल असेल तर ती बुडतात. शेतकऱ्याला बी ओळखीचे आणि पीक ओळखीचे असते; फक्त माती नाहीशी झालेली असते. नवे ज्ञान शिकविताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम येथे आपोआप पाळला जातो.

दुसरा उपयुक्त पाठ मातीविना चाऱ्याचा आहे. मक्याचे दाणे भिजवून, मोड आणून, ट्रेमध्ये ७ ते ८ दिवस वाढविले तर एका किलो दाण्यापासून सुमारे ५ ते ६ किलो हिरवा चारा मिळतो. गोव्यातील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रात यावर पद्धतशीर काम झाले आहे. पाचपट–सहापट हा आकडा ऐकणाऱ्याला भुरळ घालतो. म्हणून शिकणाऱ्यांनी आरंभीचे दाणे आणि शेवटचा चारा दोन्ही पूर्ण सुकवून तोलावेत. सुके वजन वाढलेले नसून किंचित घटलेलेच आढळते; वाढ झाली ती बहुतांशी पाण्याची, आणि अंकुरणाऱ्या दाण्याने श्वसनात काही द्रव्य खर्च केले. चाऱ्याची कोवळीक आणि पचनीयता यांचे मोल त्यामुळे नाहीसे होत नाही. पण जाहिरातीतील आकडा आणि गोठ्यातील लाभ यांतील अंतर तराजूवर कळते. कर्ज काढून ट्रे घेण्याआधी हा पाठ झाला, तर एखाद्या कुटुंबाचे पैसे वाचू शकतात.

४. वटवाघळांचे नमुने : जेथे चूक बोलत नाही

आता दुसऱ्या उदाहरणाकडे वळावे. वटवाघळांचा आणि धानाच्या प्रदेशाचा संबंध वरवर दिसतो त्याहून निकटचा आहे. कीटकभक्षी वटवाघळे रात्री शेतांवरून कीटक टिपतात; थायलंडमध्ये झालेल्या अभ्यासांत सुरकुतलेल्या ओठांच्या वटवाघळाच्या आहारात धानावरील पांढऱ्या पाठीचे तुडतुडे आढळले आहेत. फलाहारी वटवाघळे मोहाच्या फुलांवर येतात, परागीभवन करतात आणि बिया दूरवर नेतात. पूर्व विदर्भात माणसेही पहाटे मोहफुले वेचतात. झाड एकच असते. रात्रीचा पाहुणा वेगळा आणि सकाळचा वेगळा.

निपाह विषाणूमुळे या शेजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९९८–९९ मध्ये मलेशियात, २००१ मध्ये सिलीगुडीत आणि २०१८ मध्ये केरळात या विषाणूने माणसांचे बळी घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर येथील एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांतील लेशेनॉल्टच्या फलाहारी जातीत विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. यावरून महाराष्ट्रात साथ आहे असा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष एवढाच की विषाणूशी संपर्क आलेले वटवाघूळ येथेही असू शकते आणि त्याचा माग ठेवणे आवश्यक आहे. माग ठेवायचा तर नमुने हवेत, आणि नमुने घेणारा हात शिकलेला हवा.

येथे वरील तीन कसोट्या लावून पाहाव्यात. विषाणू लाळेत किंवा मूत्रात असला तरी दिसत नाही. बाधा झाली तर लक्षणे बहुधा ४ ते १४ दिवसांनी उमटतात. तोपर्यंत हातमोजा कोणत्या क्षणी फाटला होता, मुखपट्टी सरकली तेव्हा हात कोठे होता, हे आठवणे कठीण. आणि झालेली बाधा मागे घेता येत नाही. तिन्ही अटी एकाच वेळी मोडतात. ही चूक महाग तर आहेच, शिवाय ती मुकी आहे. जी चूक बोलत नाही ती शिकवीतही नाही. उलट दहा वेळा निष्काळजीपणा पचला म्हणजे ‘काही होत नाही’ असा विपरीत धडा मात्र ती देते. म्हणून ‘करून पाहा’ हे सूत्र येथे जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

मग हात तयार व्हावा कसा? उपाय असा की न दिसणारी चूक सरावापुरती दिसती करावी. संरक्षक पोशाख उतरविण्याचा सराव हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पोशाख चढविण्यापेक्षा तो उतरविताना दूषित होण्याची भीती अधिक असते, कारण तेव्हा काम संपल्याची भावना आलेली असते आणि बाहेरचा पृष्ठभाग त्वचेजवळ येतो. सरावात शिकणाऱ्याच्या हातमोज्यांवर व अंगरख्यावर जंबुपार किरणांत चमकणारी निरुपद्रवी पूड लावतात. त्याने पोशाख उतरविल्यावर अंधारात दिवा धरतात. मनगटावर, कानामागे, मानेवर जेथे पूड चमकते तेथे चूक झालेली असते. एका मिनिटात ती दिसते, हात धुतल्याने जाते, आणि पुढच्या वेळी टाळता येते. ताण्याची चूक अशा रीतीने बाण्याची होते. वटवाघूळ धरण्याचा सरावही कापडी पिशवीतील कापसाच्या प्रतिकृतीवर आधी होऊ शकतो. प्रत्यक्ष प्राण्याला हात लागतो तो सर्वांत शेवटी, आणि तोही जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून.

प्रत्यक्ष प्राणी हाताळणे हे सर्वांचे काम नव्हे, हेही स्पष्ट असावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी पकडण्यास योग्य परवानगी लागते. या अधिनियमाच्या जुन्या अनुसूचीत फलाहारी वटवाघळे ‘उपद्रवी’ प्राण्यांत मोडत असत. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली. हाताळणाऱ्यांनी अलर्क रोगाची प्रतिबंधक लस आधी घेतलेली असणे इष्ट असते, दुहेरी हातमोजे व योग्य मुखपट्टी अपरिहार्य असते, आणि नमुना शीतसाखळीतून सुसज्ज प्रयोगशाळेत जावा लागतो. गुहेतील विष्ठेच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. वसतिवृक्षाखाली प्लास्टिकचे कापड पसरून मूत्राचे थेंब गोळा करण्याची रीत प्राण्याला न धरता नमुना देते. तथापि तीही प्रशिक्षित व पूर्ण पोशाख केलेल्या व्यक्तींनीच आचरावयाची असते.

मग गावाकडे काय उरते? पुष्कळ उरते. संध्याकाळी झाडावरून उडणाऱ्या वटवाघळांची दोघांनी स्वतंत्रपणे मोजणी करून आकडे ताडून पाहणे; कोणते झाड केव्हा फुलले, थवा केव्हा आला आणि केव्हा गेला याची नोंद ठेवणे; मेलेले वटवाघूळ आढळल्यास त्याला न शिवता वन व आरोग्य कर्मचाऱ्यांना कळविणे; उष्टी फळे न खाणे; वेचलेली मोहफुले हाताळल्यावर हात धुणे. मोजणीतील चूक दुसऱ्या मोजणीने सुधारते. म्हणून ती चुकत शिकता येते. भीतीपोटी वसतिवृक्ष तोडणे मात्र ताण्याची चूक होय. हुसकलेला थवा नाहीसा होत नाही, तो अन्यत्र विखुरतो, आणि तोडलेला वड परत उभा राहत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भेद विषयाविषयांत नसून पायरीपायरीत आहे. वटवाघळांच्या अभ्यासात मोजणीसारख्या बाण्याच्या पायऱ्या आहेत, तशाच मातीविना शेतीत ताण्याच्याही आहेत. द्रावणाची आम्लता ठीक करताना पाण्यात आम्ल थोडे थोडे घालावे लागते. तीव्र आम्लात पाणी ओतले तर ते उसळून डोळ्यात जाऊ शकते. पाण्याच्या टाकीशेजारी विजेचा पंप असतो. या पायऱ्यांवर ‘चुकू द्या, शिकतील’ असे म्हणता येत नाही. म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्याने प्रथम सर्व पायऱ्या लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीसमोर वरील तीन प्रश्न विचारावेत.

५. सूचनांची भाषा

हा भेद भाषेत उतरला नाही तर तो कागदावरच राहतो. मराठीत सूचना देण्याची प्रचलित रीत विध्यर्थाची आहे : ‘हातमोजे घालावेत’, ‘पाणी बदलावे’. परंतु आपले वैयाकरण विध्यर्थाचे जे अर्थ सांगतात त्यांत कर्तव्याबरोबर योग्यता, शक्यता, इच्छा यांचाही समावेश असतो. ‘सकाळी फिरायला जावे’ हेही विध्यर्थीच आणि ‘हातमोजे घालावेत’ हेही विध्यर्थीच. ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही एकाच पातळीवर उतरण्याचा संभव राहतो. बाण्याच्या पायऱ्यांना ही सैल रचना साजते. तेथे तिला संकेतार्थाची जोड द्यावी : ‘वरची पाने पिवळी पडली तर लोह तपासावे, खालची पडली तर नत्र.’ अशी ‘तर’ची वाक्ये शिकणाऱ्याला पाहायला, ताडायला आणि ठरवायला लावतात.

ताण्याच्या पायऱ्यांना वेगळी रचना हवी. मराठीत तिची साधने तयारच आहेत. ‘बाहेरचे हातमोजे धुतल्याशिवाय मुखपट्टीला हात लावायचा नाही’ या वाक्यात ‘-ल्याशिवाय … नाही’ ही जोडी क्रमाला कुलूप घालते. ‘नळीवर चिठ्ठी लावल्यावरच पुढचे वटवाघूळ पिशवीतून काढायचे’ यातील ‘-वरच’ मधील ‘च’ हे एक अक्षर संपूर्ण शिस्त वाहते. येथे ‘शक्यतो’, ‘जमल्यास’, ‘साधारणतः’ या शब्दांना थारा नसावा.

कर्त्याचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. शासकीय मराठीत ‘नमुना गोळा करण्यात यावा’ अशी कर्ता लपविणारी रचना रूढ आहे. कोणी गोळा करावा? ज्याने प्राणी धरला आहे त्याने, की ज्याच्या हाती नळी आहे त्याने? दोन माणसांच्या कामात ही संदिग्धता प्रत्यक्ष धोका होते. ‘प्राणी धरणाऱ्याने फक्त प्राणी धरायचा, नळी, पेटी, लेखणी यांना शिवायचे नाही’ असे वाक्य अधिक ओबडधोबड असेल, पण ते हाताला वाट दाखवते.

शब्दांची निवडही तितक्याच काळजीने व्हावी. ‘द्रावणात मीठ घाला’ असे म्हटले तर घरातील मीठ पडण्याचा संभव आहे. ‘क्षार’ म्हटले तर शब्द परका वाटतो. अशा वेळी डब्यावरील क्षाराचे नाव आणि डब्याचा रंग दोन्ही सांगणे हा सरळ उपाय. ‘पाकोळी’ हा शब्द लहान वटवाघळालाही लावतात आणि एका पक्ष्यालाही. सायंकाळच्या मोजणीत हा गोंधळ आकड्यांत उतरतो. पुण्याकडे ‘भाताची लावणी’ होते, तर भंडाऱ्याकडे ‘धानाची रोवणी’. येथे भात ताटात असतो, शेतात धान असते, आणि रोपांना पऱ्हे म्हणतात. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडात नागपूरकडील मराठीच्या वेगळेपणाची नोंद आहे, पुढे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा स्वतंत्र अभ्यास मांडला. प्रशिक्षणपुस्तिका लिहिणाऱ्यांनी या संचिताकडे दुर्लक्ष केले तर सूचना बरोबर असूनही ती पोचत नाही. आणि मुक्या चुकीच्या प्रांतात न पोचलेली सूचना ही न दिलेल्या सूचनेसारखीच असते.

६. तात्पर्य

मराठीत कौशल्याला ‘हात बसणे’ असे म्हणतात. हात बसतो तो वारंवार केल्याने, आणि वारंवार करण्यात चुकणे आलेच. परंतु हात बसण्यासाठी कोठे चुकू द्यायचे, हे ठरविणे शिकविणाऱ्याचे काम आहे. शिकणाऱ्यावर ते सोडता येत नाही. मातीविना शेती शिकविताना प्रत्येक पायरीवर निषेधांची यादी पुढे केली, तर शिकणारा पानाकडे पाहणे सोडून पुस्तिकेकडे पाहू लागतो, आणि पंप बिघडला की ट्रे अडगळीत जातात. उलट वटवाघळांच्या बाबतीत ‘करून पाहा’चा उत्साह मोकाट सोडला, तर त्याचे मोल एखाद्या तरुण स्वयंसेवकाला किंवा एखाद्या वसतिवृक्षाला द्यावे लागते. दोन्हीकडे हानी होते; फक्त एकीकडे ती कंटाळ्याच्या रूपाने येते आणि दुसरीकडे आजाराच्या.

शिक्षणशास्त्र, कृषिविज्ञान, प्राणिविज्ञान आणि भाषाविज्ञान यांच्या अभ्यासकांना येथे एकत्र काम करण्यास जागा आहे. पायऱ्यांची वाटणी पहिल्या तिघांनी करावी. प्रत्येक पायरीचे वाक्य स्थानिक बोलीत तपासून घेण्याचे काम भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. ती तपासणी अवघड नाही. सूचना वाचून दाखवावी आणि ऐकणाऱ्याने बोलून उत्तर देण्याऐवजी कृती करून दाखवावी. जेथे हात अडखळतो तेथे वाक्य सदोष आहे असे समजावे.